काहीही चालेल

सोमवारची सकाळ, प्रभादेवीतल्या एका सोसायटीचा हॉल. मंगळवार मुद्दाम टाळलेला. सिद्धिविनायकाच्या गर्दीतून वाट काढत चहा चाखायला कोण येणार? चहा कंपनीच्या या सर्व्हेत माझ्याकडे कप भरायचं काम. दोन थर्मास, एकसारखे कागदी कप, त्यांवर ४१७ आणि ८६२ असे आकडे. 'अ' आणि 'ब' लिहिलं की 'अ'चा पहिला नंबर मनात आधीच लागतो, म्हणून हे बिनअर्थाचे आकडे. निम्म्यांना आधी ४१७, निम्म्यांना आधी ८६२. मध्ये पाण्याचा घोट.

पहिल्या फेरीत थर्मास दोन, पण चहा एकाच पातेल्यातला. हे फक्त आम्हाला ठाऊक. एका आजींनी दोन्ही कप दोनदा चाखले आणि ठामपणे सांगितलं, "८६२. आलं छान उतरलंय." घरी 'चहा की कॉफी?' विचारलं की 'काहीही चालेल' म्हणणारी आपली माणसं. समोर कागद आला की बाजू घेतात. एवढं बोलावलंय, तर काहीतरी सांगायला नको?

यावरचा उपाय म्हणजे कागदावर तिसरी चौकट: 'दोन्ही सारखेच आवडले'. कंपनीचा माणूस कुरकुरत होता, "लोक आळसानं तिथेच टिक करतील." करतातही. पण चौकट असूनही एकाच पातेल्यातल्या चहात डावं-उजवं करणारे पुष्कळ निघतात. म्हणूनच ती पहिली फेरी. खऱ्या चहांचा कौल त्या खोट्या कौलाशेजारी ठेवून वाचायचा.

चौकट नसेल तर आणखी एक घोळ होतो. निकाल ५०-५० लागला, तर कोणालाच फरक पडत नाही, की निम्मे आल्याचे भक्त आणि निम्मे वेलचीचे? आकडा तोच, पण धंद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक.

मग हिशेब. समजा, १०० जणांत ४० जण ४१७ कडे, ३० जण ८६२ कडे आणि ३० तिसऱ्या चौकटीत. ते ३० वगळले तर ७० पैकी ४०, म्हणजे ५७ टक्के. दोन्हीकडे निम्मे निम्मे वाटले तर ५५. पुड्यावर छापायला ५७ बरे दिसतात. पण त्यासाठी ३० माणसं हॉलमधून गायब करावी लागतात. त्यापेक्षा तिन्ही आकडे जसेच्या तसे सांगावेत.

२०१३ साली मतदान यंत्रावर आलेला 'नोटा' म्हणजे यांपैकी कोणीच नको. आमची तिसरी चौकट म्हणजे यांपैकी कुठलाही द्या. फरक मला अगदी स्वच्छ वाटत होता. दुपारी कागद लावताना एका आजोबांचा कागद हाती आला. तिसऱ्या चौकटीत टिक आणि खाली बारीक अक्षरात: 'दोन्ही पाणचट.'

सर्व्हेच्या मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला. "यांनी तर नोटाच दाबला की! हा कुठं मोजू?"