रिमोटच्या विमानाचे पहिले उड्डाण : हात हळू, नजर सरळ



मसाटमधल्या आपल्या काही घरांत आता रिमोटवर उडणारी शिकाऊ विमाने आली आहेत. मुले हौसेने मैदानात नेतात आणि पहिल्याच उड्डाणात विमान डावीकडे कलंडून पडते. आमचेही तसेच झाले. मुलाचे डोळे भरून आले. विमानात काहीच बिघाड नव्हता, आमच्या हाताला घाई झाली होती. म्हणून हे चार शब्द.

आधी वारा पाहावा. चिमूटभर गवत सोडले की दिशा कळते. विमान नेहमी वाऱ्याच्या समोर पळवावे. विमानाला उचलायला ताशी ३० किलोमीटर वेग लागत असेल आणि समोरून १० चा वारा असेल, तर जमिनीवर २० चाच वेग पुरतो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा वाढतो, म्हणून नवशिक्यांनी सकाळीच जावे.

रिमोट आधी सुरू करावा, विमानाची बॅटरी नंतर जोडावी; बंद करताना याच्या उलट. मग विमानामागे उभे राहून रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन बरोबर दिशेला हलतात ना, हे तपासावे.

आता थ्रॉटल. तो एकदम पुढे ढकलू नये, तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवावा. प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा गोल फिरत शेपटीवर आदळते आणि नाक डावीकडे वळते. थ्रॉटल झटक्यात दिला की ही ओढही झटक्यात येते. तेव्हा उजवीकडे अगदी थोडा रडर द्यावा आणि विमान सरळ ठेवावे.

वेग आला की एलेव्हेटर किंचित मागे घ्यावा. आपण इथेच चुकलो होतो. काठी जोरात ओढली तर नाक फार वर जाते, पंखांची उचल संपते आणि एक पंख खाली पडतो. उंची आपोआप येऊ द्यावी. पंख समतल ठेवून सरळ चढावे, पुरेशी उंची आल्यावरच वळावे. मोटर मध्येच थांबली तर मागे वळू नये, नाक थोडे खाली घेऊन समोरच उतरवावे.

सुरुवातीला जाणत्या माणसाला शेजारी उभे करावे. दोन रिमोट जोडता येत असतील तर फारच उत्तम. चूक होताच ते ताबा आपल्याकडे घेऊ शकतात.

मैदान मोकळे हवे. विजेच्या तारा, रस्ता, गुरे आणि माणसे यांच्यावरून विमान नेऊ नये. संक्रांतीच्या दिवसांत आकाशभर पतंग आणि मांजा असतो, तेव्हा विमान घरीच बरे. ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत, म्हणून जागा हिरव्या विभागात आहे का, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहून घ्यावे.

विमान दुरुस्त होते, इजा झाली तर ती भरून निघायला वेळ लागतो. मुलांसोबत मोठ्यांनीही मैदानात यावे, ही विनंती.