रिकार्डोच्या चार आकड्यांमागे

८०, ९०, १००, १२०. देशांनी एकमेकांशी व्यापार का करावा, या प्रश्नाला अर्थशास्त्राने दिलेलं सर्वांत प्रसिद्ध उत्तर या चार आकड्यांत मावतं. शेअर बाजारात अमाप पैसा मिळवून पुढे अर्थशास्त्राकडे वळलेल्या डेव्हिड रिकार्डो या लंडनच्या गृहस्थाने १८१७ साली आपल्या ग्रंथात ते मांडले. दोनशे वर्षं उलटली, तरी अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर अजून तेच उदाहरण उमटतं.

हिशेब असा आहे. इंग्लंडला ठरावीक कापड विणायला १०० माणसं वर्षभर राबवावी लागतात; ठरावीक वाइन करायची तर १२०. पोर्तुगालात तेवढीच वाइन ८० माणसं करतात आणि तेवढंच कापड ९० माणसं. पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस. मग जो दोन्हीकडे सरस आहे, त्याने दुसऱ्याकडून काही विकत का घ्यावं?

कारण पोर्तुगालने ८० माणसांच्या कष्टाची वाइन देऊन कापड घेतलं, तर ज्या कापडासाठी घरी ९० माणसं गुंतली असती ते ८० जणांच्या श्रमात पदरात पडतं. इंग्लंडने १०० जणांचं कापड देऊन वाइन घेतली, तर १२० जणांचं काम वाचतं. इकडे दहा माणसं मोकळी, तिकडे वीस. प्रश्न कोण सरस आहे हा नसून कोण कशात जास्त सरस आहे हा आहे. रिकार्डोने तळटीपेत याचं आणखी सोपं रूप दिलं आहे. एक कारागीर टोप्या आणि जोडे दोन्ही करण्यात शेजाऱ्याच्या पुढे आहे. टोप्यांत एक पंचमांशाने, जोड्यांत एक तृतीयांशाने. त्याने जोडेच करावेत, टोप्या शेजाऱ्यावर सोपवाव्यात, यातच दोघांचं हित. यालाच पुढे तुलनात्मक लाभाचा सिद्धांत म्हणू लागले.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. व्यापार म्हणजे एकाचा नफा आणि दुसऱ्याचा तोटा, ही समजूत माणसाच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की आजही मोठमोठ्या देशांचे नेते आयातीला लूट म्हणतात. रिकार्डोने चार आकड्यांत ती समजूत खोटी ठरवली. शिवाय त्याच्यापुढे एक जिवंत प्रश्न होता. १८१५ च्या कायद्याने इंग्लंडात परदेशी धान्य अडवून ठेवलं होतं. जमीनदार गबर होत होते आणि गरिबाची भाकरी महागत होती. तो कायदा १८४६ मध्ये रद्द झाला, तेव्हा रिकार्डोला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

पण पोर्तुगालला कापडासाठी ९० माणसं का लागतात, इंग्लंडला १०० का, हे रिकार्डो विचारत नाही. त्याने आकडे उदाहरणापुरते कल्पिले होते. देश आणि माल मात्र त्याने कल्पिलेले नव्हते. वाइन आणि कापड यांची ती देवघेव खरोखर शंभर वर्षं चाललेली होती, आणि ती कशी सुरू झाली हे पाहिलं की त्या आकड्यांकडे बघण्याची नजर बदलते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगाल स्वतःचं लोकरी कापड विणू पाहत होता. एरिसेरा परगण्याचा सरदार लुईश द मेनेझेश हा राजाचा अर्थविषयक सल्लागार. त्याने परदेशी कारागीर आणवले, कोविल्यांसारख्या डोंगराळ मेंढपाळी भागात माग उभे करायला मदत दिली आणि १६७७ पासून एकामागून एक हुकूम काढून परदेशी कापडाच्या वापरावर बंधनं आणली. १६९० मध्ये त्याने आत्महत्या केली आणि या धोरणाचा खंदा पाठीराखा गेला. त्याच दशकात पोर्तुगालच्या ब्राझील या वसाहतीत, मिनास जेराइस भागात, सोनं सापडलं. हातात सोनं आलं की घरी घाम गाळण्यापेक्षा बाहेरून आणणं सोपं वाटतं. राष्ट्रांचंही तसंच होतं.

आणि मग १७०३ चा डिसेंबर. इंग्लंडचा राजदूत जॉन मेथुएन याने लिस्बनमध्ये एक तह केला. तह अगदी छोटा, दोन-तीन कलमांचा. पोर्तुगालने इंग्लंडचं लोकरी कापड येऊ द्यावं. बदल्यात पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागेल. इंग्लंडचं त्या वेळी फ्रान्सशी युद्ध चालू होतं, आणि फ्रेंच वाइनची जागा भरून काढायला कोणीतरी हवंच होतं. मेथुएनचा बाप विल्टशरमधला बडा कापड व्यावसायिक होता, हेही इथे नोंदवायला हवं.

पुढे जे झालं ते दोरू नदीच्या खोऱ्यात आजही दिसतं. उभ्या खडकाळ उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या केल्या, त्यांवर द्राक्षवेली चढल्या. पिंपं सपाट तळाच्या होड्यांतून नदीने खाली समुद्रकाठी पोर्तो शहरापर्यंत येत. समुद्रप्रवासात वाइन बिघडू नये म्हणून तीत ब्रँडी मिसळायची पद्धत पडली आणि इंग्रजांच्या जिभेला तीच चव लागली. ‘पोर्ट’ वाइन ती हीच. मागणी एवढी वाढली की रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाच्या बेऱ्या मिसळण्याचे प्रकार सुरू झाले. १७५६ मध्ये पोंबाल या कणखर मंत्र्याने दोरूच्या खोऱ्याची हद्द आखून दिली, व्यवहारावर देखरेखीला सरकारी कंपनी नेमली आणि पुढे ती एल्डरची झाडंही उपटायला लावली. मात्र या व्यापारातल्या मोठ्या पेढ्यांची नावं पाहा: क्रॉफ्ट, टेलर, सँडमन. वेली पोर्तुगालच्या, व्यापाराच्या किल्ल्या बऱ्याच अंशी ब्रिटिशांच्या हाती.

कोविल्यांचे माग मागे पडले. वाइन विकूनही कापडाचं बिल भागत नव्हतं. फरक ब्राझीलच्या सोन्यात चुकता व्हायचा, आणि ते सोनं लिस्बनहून टपालाच्या जहाजांतून इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरात उतरायचं. इंग्लंडच्या पश्चिम भागात तर पोर्तुगीज सोन्याची नाणी रोजच्या व्यवहारात फिरत होती. पोर्तुगालच्या उद्योगाची पीछेहाट या एका तहामुळे झाली की सोन्यामुळे, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. ॲडम स्मिथला तर हा तह पोर्तुगालच्याच फायद्याचा वाटत होता, कारण सवलत मिळाली ती पोर्तुगालच्या वाइनला. पण त्या शतकात इंग्लंडने कापडात जे कौशल्य, जी यंत्रं आणि जे भांडवल साठवलं, तसं काही द्राक्षाच्या मळ्यातून उभं राहिलं नाही. ८० जणांची वाइन आणि १०० जणांचं कापड यांची अदलाबदल त्या वर्षापुरती न्याय्य असेल. पन्नास वर्षांनी कापडवाल्याकडे सूतगिरणी असते आणि वाइनवाल्याकडे आणखी थोडी वाइन.

खुद्द इंग्लंडने आपले आकडे कसे घडवले, हे तर आपल्याला जास्तच जवळचं आहे. भारतातलं छापील सुती कापड तिथे एवढं लोकप्रिय झालं की लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर उतरले. १७०० साली संसदेने त्या कापडाची देशांतर्गत वापरासाठीची आयात बंद केली. १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणंच बेकायदा ठरवलं. ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. तुलनात्मक लाभाचा नियम तेव्हा पाळला असता, तर इंग्लंडातल्या लँकेशरने सूत कातायला घेण्याचं कारणच नव्हतं. सुती कापडात भारताचा हात कोण धरणार होता? भिंतीआड यंत्रं तयार झाली, स्वस्त कापड निघू लागलं, आणि मग इंग्लंडने जगाला खुल्या व्यापाराचा उपदेश केला.

ही विसंगती आपल्याकडे ज्यांनी नेमकी ओळखली ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा, समशीतोष्ण देशांनी तो घेऊन कारखाने चालवावेत, ही जणू विधात्यानेच केलेली वाटणी आहे असं इंग्रजी अर्थशास्त्र सांगत होतं. रानड्यांनी त्या मांडणीलाच आव्हान दिलं. ही वाटणी निसर्गाची नाही, इतिहासाची आहे, आणि इतिहासाने केलेलं बदलता येतं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. फ्रीडरिश लिस्टसारख्या जर्मन विचारवंताचा आधार घेऊन, उद्योग बाल्यावस्थेत असताना सरकारने त्याला हात द्यावा असं ते म्हणत. रानडे व्यापाराचे शत्रू नव्हते. कोण काय विकतो याकडे त्यांचं लक्ष होतं. चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, सरकारने भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. आयात कापडावरच्या जकातीमुळे मुंबईच्या गिरण्यांना लाभ होऊन लँकेशरची अडचण होऊ नये म्हणून! तो कर निघायला १९२५ उजाडलं.

रानड्यांचा जन्म निफाडचा. आज निफाड तालुका युरोपला द्राक्षं पाठवतो. नाशिकचं हवापाणी द्राक्षाला मानवतं, हे निसर्गाचं देणं झालं. पण युरोपच्या दुकानात माल उतरायला औषधांच्या अंशांची तपासणी, बागेची नोंदणी, शीतगृहं आणि तोडणीपासून पेटीपर्यंत सांभाळलेलं तापमान लागतं. ते माणसांनी शिकून उभं केलेलं आहे.

निसर्गाचा वाटा शून्य असलेलीही उदाहरणं आहेत. सुरतेत हिऱ्याची खाण नाही, तरी जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात, मुख्यतः सुरतेत, पैलू पाडून निघतात. कच्चा माल बाहेरून येतो, तयार हिरा बाहेर जातो. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो आणि फ्रान्सकडून मोटारीच विकत घेतो. दोघांचं हवामान, शिक्षण, मजुरी जवळपास सारखी. असं का, हे पॉल क्रुगमन यांनी १९७९ च्या सुमारास उलगडून दाखवलं. एकच वस्तू मोठ्या प्रमाणात केली की ती स्वस्त पडते आणि गिऱ्हाइकाला तर विविधता हवी असते. म्हणून सारखे देशही आपापले प्रकार वाटून घेतात. कोणता प्रकार कुणाकडे जाईल हे पुष्कळदा कोणी आधी सुरुवात केली यावर ठरतं. या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.

आपल्या काळातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण बांगलादेशचं. या देशात कापूस जवळजवळ पिकत नाही. तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत तो चीननंतरच्या पहिल्या रांगेत आहे. सुरुवात झाली ती श्रीमंत देशांच्या निर्बंधांतून. १९७४ पासून कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे याचा कोटा ठरला होता. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीने कोटा न लागलेला देश शोधला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नूरुल कादिर यांच्या ‘देश गारमेंट्स’ या बांगलादेशी कंपनीशी तिचा करार झाला आणि चितगावहून सुमारे १३० कामगार आणि पर्यवेक्षक कोरियाच्या बुसान शहरात सहा महिने शिकायला गेले. कापणी, शिलाई, तपासणी, बांधणी, विक्री, सगळं शिकून परतले.

दोन गोष्टी बँका आणि कस्टम यांच्याकडून घडल्या. परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरच्या पतपत्रावरच, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीवरच, कापड आयातीसाठी दुसरं पतपत्र मिळू लागलं, त्यामुळे हातात भांडवल नसलेला कारखानदारही कापड मागवू शकला. आणि निर्यातीसाठी आलेलं कापड बाँडेड गोदामात ठेवलं तर त्यावर जकात लागत नसे. या दोन्हींशिवाय हा धंदा उभाच राहिला नसता. पण खरी गोष्ट पुढची आहे. त्या १३० पैकी ११५ जण काही वर्षांत देश गारमेंट्स सोडून गेले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काही नव्या कारखान्यांत गेले. एका कंपनीचं नुकसान झालं आणि एका राष्ट्राला धंदा मिळाला. याची किंमतही मोठी मोजावी लागली. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. स्वस्त शर्टाच्या हिशेबात तो आकडा कुणी धरला नव्हता.

या कारखान्यांना लागणाऱ्या कापसाचा काही भाग आणि सुताचा मोठा भाग भारतातून जातो. विदर्भातल्या यवतमाळ, अमरावतीसारख्या जिल्ह्यांना हा हिशेब रोजचा आहे: कापूस वेचून जिनिंगला घालायचा, रुईच्या गाठी बाहेर पाठवायच्या आणि भाव काय निघतो ते पाहायचं. शिवण्याची, रंगवण्याची, नाव लावून विकण्याची कमाई दुसरीकडे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला केंद्र सरकारचं पीएम मित्र वस्त्रोद्योग संकुल २०२३ मध्ये जाहीर झालं आहे. जमीन, रस्ते, वीज, पाणी तिथे मिळेल. त्याची गरजही आहे. चितगावचा अनुभव पाहता मला विचारायचं आहे ते वेगळंच: तिथल्या मुलामुलींना सहा-सहा महिने धंदा शिकवायला कोण कुठे पाठवणार आहे, आणि शिकून झाल्यावर त्यांतल्या एखादीने नोकरी सोडून स्वतःची वीस मशिनं टाकायची ठरवली, तर अमरावतीतली कोणती बँक तिला पतपत्र देणार आहे?