शेवटच्या आजारातला कैदी

१२ जानेवारी १९२४ची रात्र. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक एका कैद्याचं ॲपेंडिक्स काढत होते. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. कैदी येरवड्याचा होता. राजद्रोहाबद्दल झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेतली दोन वर्षंही अजून भरली नव्हती. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्याला बिनशर्त सोडलं. त्या कैद्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

प्रकृतीच्या कारणावरून शिक्षा आवरती घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झालेले लोकमान्य टिळक तुरुंगात खंगत चालले, तेव्हा मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली आणि मुदतीआधीच, ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते बाहेर आले. बाबाराव सावरकरांची गोष्ट तर या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी झालं. अंदमानात क्षयानं शरीर पोखरलं. १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणलं आणि १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून सोडलं, ते आता हा माणूस फार दिवस काढत नाही अशा अवस्थेत. बाबाराव त्यानंतर बावीस वर्षांहून अधिक जगले. १९४५ मध्ये सांगलीत वारले.

इंग्रजांना दयेचा पाझर फुटला होता असं यावरून कोणी म्हणू नये. पुण्यातल्याच आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा स्थानबद्धतेतच गेल्या. त्यांना घर दिसलं नाही. त्यानंतर अडीच महिन्यांत, ६ मे रोजी, गांधीजींना मात्र प्रकृतीच्या कारणावरून सोडण्यात आलं. गांधी कोठडीत गेले तर देश पेटेल, हे सरकार ओळखून होतं. ज्याच्या मरणाची सरकारला धास्ती, त्याचा कागद लवकर हलतो. शंभर वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही, आणि खरी चिंता तीच आहे. कारण रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या वरंध, माझेरी, पारमाचीच्या एखाद्या वाडीवरचा, भावकीच्या भांडणात खून करून बसलेला माणूस तुरुंगात कॅन्सरनं झिजत असेल, तर त्याची धास्ती कोणाला असणार?

असे लोक किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी मरण पावले. त्यातले १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ सदरातले, म्हणजे आजारपणाचे किंवा वार्धक्याचे. यातल्या कित्येकांचा आजार काही एका रात्रीत उद्भवलेला नसणार.

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण घोडं तिथेच अडतं. शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो ४३२ आणि ४३३ या कलमांत होता, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत तो ४७३ आणि ४७४ मध्ये आहे. पण १९७८ मध्ये त्याला ४३३-अ हे कलम जोडलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असं ते सांगतं. नव्या संहितेत हेच कलम ४७५ झालं. मरणाच्या दारात असलेल्या माणसासाठी या कलमात अपवादाची एक ओळही नाही. खुनाच्या गुन्ह्यात सहा वर्षं भोगलेल्या बंद्याला उद्या चौथ्या टप्प्यातला कॅन्सर निघाला, तर सरकारची इच्छा असूनही या कलमांखाली त्याची शिक्षा माफ होत नाही.

मग उरतात दोन वाटा. एक राज्यपालांची. घटनेच्या १६१व्या कलमाखालचा त्यांचा अधिकार ४३३-अ च्या बंधनात अडकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या मारू राम खटल्यात स्पष्ट केलं. दुसरी वाट उच्च न्यायालयाची, पण ती अपील प्रलंबित असेल तरच; शिक्षेला स्थगिती मिळवून जामिनावर बाहेर यायचं. एरवी हाती राहते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, आणि संचित रजा, म्हणजे फर्लो. रजा संपली की परत फाटक गाठावं लागतं. माफीच्या अर्जानं तुरुंगाच्या डॉक्टरचा अहवाल, सरकारी वैद्यकीय मंडळाचं मत, गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय, गृह विभागाची टिप्पणी, इतकी टेबलं ओलांडेपर्यंत आजार थांबून राहत नाही.

रायगड जिल्ह्यातल्याच तळोजा कारागृहानं हा प्रश्न अवघ्या देशापुढे आणला. फादर स्टॅन स्वामी सिद्धदोष बंदी नव्हते, एल्गार परिषद प्रकरणातले न्यायाधीन बंदी होते. वय ८४, त्यात कंपवात. २१ मे २०२१ रोजी ते दूरचित्रसंवादानं मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. तळोज्यात आलो तेव्हा हातानं जेवत होतो, चालत होतो, आंघोळ करत होतो. आता दुसऱ्यानं घास भरवावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. सरकारी रुग्णालयात जायला त्यांची तयारी नव्हती. आपल्या माणसांत जाऊ द्या, एवढीच मागणी. आठवड्याभरानं त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. ५ जुलैला जामीन अर्जाची सुनावणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं की फादर दुपारी दीडच्या सुमारास गेले. अर्ज जिवंत होता, अर्जदार नव्हता. त्याच प्रकरणातले, त्याच तुरुंगातले कवी वरवरा राव यांना मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं सहा महिन्यांसाठी वैद्यकीय जामीन दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. दोघांचं वय, व्याधी आणि कलमं जवळपास सारखी. निकाल एकाला वेळेत मिळाला, दुसऱ्याला नाही.

शिक्षा झालेल्यांचं काय? पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेले जी. एन. साईबाबा यांना मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयानं जन्मठेप दिली. प्रकृतीच्या कारणावरचे त्यांचे अर्ज फेटाळले गेले. २०२० मध्ये कॅन्सरनं आजारी असलेल्या आईला भेटण्याची परवानगीही मिळाली नाही आणि आई गेली. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं; १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादेत त्यांचं निधन झालं. अरुण गवळीचं प्रकरण अगदी निराळं. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप झालेल्या गवळीनं २००६ च्या सरकारी धोरणावर बोट ठेवलं. वयाची पासष्टी उलटलेल्या अशक्त बंद्यांना त्यात मुदतपूर्व सुटकेची सोय होती. एप्रिल २०२४ मध्ये नागपूर खंडपीठानं त्याच्या बाजूनं कौल दिला, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अपील प्रलंबित असताना जामीन दिला. गवळीला नागपूर ते दिल्ली वकील उभे करता आले. तेच धोरण वाचून दाखवणारा माणूस बाकीच्या किती बराकींत पोचला असेल?

आता ज्यांचा माणूस गेला, त्यांची बाजू. ती बाजूला सारून या विषयावर लिहिणं हा अन्याय होईल. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर १९८८ मध्ये विमान बॉम्बनं उडवलं गेलं, २७० माणसं गेली. त्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्या अल-मेग्राहीला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. तीनेक महिने उरलेत, असं वैद्यकीय मत होतं. न्यायमंत्री केनी मॅकआस्किल यांनी २० ऑगस्ट २००९ रोजी त्याला सोडलं. त्रिपोलीच्या विमानतळावर त्याचं जंगी स्वागत झालं आणि तो मे २०१२ पर्यंत जगला. मृतांच्या नातेवाइकांचा संताप समजण्यासारखा होता. मेग्राहीच्या सुटकेला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच अमेरिकेत कॅलिफोर्नियात उलटं घडलं. शेरॉन टेट खून प्रकरणातली सुसान ॲटकिन्स मेंदूच्या कॅन्सरनं जर्जर होती; तिला स्ट्रेचरवर सुनावणीला आणलं, अर्ज नाकारला आणि तीनेक आठवड्यांनी ती तुरुंगात वारली.

मेग्राही जास्त जगला म्हणून निर्णय चुकला, असं नव्हे. डॉक्टर अंदाज सांगतात, तारीख सांगत नाहीत. बाबारावांच्या बाबतीत तरी दुसरं काय झालं? खटकतं ते विमानतळावरचं स्वागत, आणि ते रोखता येतं. आपल्या कायद्यात शिक्षामाफीला अटी घालता येतात आणि अट मोडली तर माफी रद्द करून बंद्याला परत आत घेता येतं. राहण्याचं ठिकाण, ठाण्यातली हजेरी, पीडित कुटुंबाच्या गावात न जाणं, ठरावीक काळानं पुन्हा तपासणी, हे सगळं आदेशातच लिहिता येतं. निर्णयाआधी पीडितांना बोलावून त्यांचं ऐकायला हवं. पण शिक्षा स्वातंत्र्य काढून घेण्याची झालेली असते. बेडीत, बायकापोरांविना, अनोळखी वॉर्डात मरण्याची नव्हे.

सुटका झाली तरी पुढचा प्रश्न उरतोच, आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरात तो मोठा आहे. येरवडा म्हटलं तर जवळ, वरंध घाट चढून भोरमार्गे पुणं. पण पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद झाला, की ताम्हिणी नाहीतर आंबेनळी घाटाचा वळसा घ्यायचा. सुटकेआधी मुलाखतीसाठी जाणाऱ्या म्हाताऱ्या आईची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं त्यात जातं. बंदी घरी आला तर वाडीपर्यंत गाडी जाईलच असं नाही, डोली करावी लागते. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनांना पॅरासिटामॉल पुरत नाही, मॉर्फिन लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ते रुग्णांना मिळणं सोपं झालं, पण ते लिहून देणारा डॉक्टर आणि ठेवणारं रुग्णालय तालुक्यात असायला हवं. सुटकेच्या आदेशात कुठल्या सरकारी रुग्णालयानं रुग्णाची जबाबदारी घ्यायची याचा उल्लेख नसेल, तर ती सुटका अर्धीच.

थोडी हालचाल सुरू झाली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं १० डिसेंबर २०२४ पासून वृद्ध आणि असाध्य आजारी बंद्यांसाठी विशेष मोहीम हाती घेतली. तेव्हा प्राधिकरणाचे कार्यकारी अध्यक्ष अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. पुढच्या वर्षी प्राधिकरण अशा बंद्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयातही गेलं. अशी मोहीम तुरुंगाच्या बाजूनं चालते. घरच्यांनाही आपल्या बाजूनं सुरुवात करता येते. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळतो. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तालुक्याच्या न्यायालयातली विधी सेवा समिती किंवा अलिबागचं जिल्हा प्राधिकरण अर्ज घेतं, १५१०० या क्रमांकावर फोनही लागतो. अर्जासोबत बंद्याचा क्रमांक, शिक्षेच्या निकालाची प्रत, अपील प्रलंबित आहे की नाही याची माहिती, रुग्णालयाचे जमतील तेवढे कागद आणि घरी सांभाळ कोण करणार याचं लेखी हमीपत्र जोडावं. तुरुंग अधीक्षकांकडे वैद्यकीय मंडळापुढे तपासणीची मागणी त्याच दिवशी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.