चौथ्या फळीचं मोल

५ जून २०१३. आइस हॉकीतल्या बॉस्टन ब्रुइन्स आणि पिट्सबर्ग पेंग्विन्स यांच्यातल्या ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेचा तिसरा सामना. गोलफलक १-१. बॉस्टनचा एक खेळाडू दोन मिनिटांच्या शिक्षेवर बाहेर बसलेला, त्यामुळे बर्फावर पिट्सबर्गचे पाच आणि बॉस्टनचे चार. पिट्सबर्गच्या एव्हगेनी माल्किनने सणसणीत फटका हाणला आणि ग्रेगरी कॅम्पबेलने त्याच्या वाटेत अंग झोकून दिलं. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, उजव्या पायावर आदळला. नडगीशेजारचं हाड मोडलं.

कॅम्पबेल धडपडत उठला. उजवा पाय टेकवत नव्हता. पण खुरडत बाकापर्यंत जायचं, तर तेवढा वेळ पाच जणांसमोर तिघंच उरणार होते. म्हणून तो जवळजवळ मिनिटभर मोडक्या पायाने तिथेच राहिला, एका पायावर भार देऊन, स्टिक पुढे करून पासच्या वाटा अडवत. गोल झाला नाही. बॉस्टनने तो सामना दुसऱ्या जादा डावात २-१ असा जिंकला आणि पुढे मालिका ४-० अशी खिशात घातली. सिडनी क्रॉस्बी आणि माल्किन ज्या संघात होते, त्या पिट्सबर्गला चार सामन्यांत मिळून दोनच गोल करता आले.

कॅम्पबेल बॉस्टनच्या चौथ्या फळीचा सेंटर होता. आइस हॉकीत अशा खेळाडूंची एक जातच आहे. जाहिरातींत ते दिसत नाहीत, लिलावात त्यांच्या जर्सीला मोठी बोली लागत नाही. तरीही चषक जिंकायला निघालेला प्रत्येक संघ दरवर्षी त्यांच्या शोधात असतो. का, हे समजून घेण्यासारखं आहे.

पाऊण मिनिटाचा खेळ

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. बर्फावरच्या हॉकीचं गणित निराळं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. सामन्यासाठी संघात वीस जण: बारा फॉरवर्ड, सहा बचावपटू, दोन गोलरक्षक. बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहाच. इथे कुणीही जीव तोडून पाऊण मिनिटाच्या आसपास स्केटिंग करतो आणि चालू खेळातच बाकावर परततो. त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. बारा फॉरवर्ड तिघातिघांच्या चार फळ्यांत विभागलेले असतात. पहिल्या दोन फळ्यांनी गोल करायचे, ही अपेक्षा. चौथ्या फळीच्या वाट्याला साठ मिनिटांतली आठ-दहा मिनिटं येतात.

त्या मिनिटांत करायचं काय? पक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात ढकलायचा आणि त्यामागे धावून बचावपटूला डोकं वर काढायची उसंत द्यायची नाही. कडेच्या फळकुटांशी खांद्याला खांदा भिडवून पक सोडवायचा. गोलरक्षकाच्या तोंडासमोर पाय रोवून उभं राहायचं आणि पाठीवर स्टिकचे तडाखे सोसायचे. शिक्षेच्या दोन मिनिटांत चौघांनी पाचांना थोपवायचं. कडक रबराचा, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा पक अंगावर घ्यायचा. यातल्या बहुतेक कामांची नोंद गोलांच्या रकान्यात होत नाही.

या कामाचं खरं मोल वसंतात कळतं. साखळीत ऐंशीहून अधिक सामने असतात. रोज नवा प्रतिस्पर्धी, नवं शहर. बाद फेरीत मात्र एकाच संघाशी सातांपैकी चार विजयांची झुंज, तीही लागोपाठ चार फेऱ्या. पहिल्या सामन्यापासून ज्या बचावपटूला दर पाळीत धक्के बसले, तो सहाव्या सामन्यात पकपाशी पोहोचायला क्षणभर कचरतो. शिवाय चौथ्या फळीवर विश्वास असला की प्रशिक्षक तिला निर्धास्तपणे उतरवतो आणि ताऱ्यांना दम घ्यायला वेळ मिळतो. ज्या संघाकडे अशी फळी नसते, त्याचे तारे मे महिन्यातच थकलेले दिसतात.

डेट्रॉइट: एका डॉलरचा खेळाडू

१९९५-९६ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जने साखळीत ६२ सामने जिंकले. तो तेव्हाचा विक्रम होता. स्टीव्ह आयझरमन, सर्गेई फेडोरोव्ह, निकलास लिडस्ट्रोम आणि प्रशिक्षक स्कॉटी बोमन. कागदावर कशाचीच वाण नव्हती. पण कोलोराडोने त्यांना कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत सहा सामन्यांत घरी पाठवलं. सहाव्या सामन्यात क्लॉड लेम्यूने क्रिस ड्रेपरला मागून धडक देऊन त्याचं तोंड फळकुटांवर आपटलं. ड्रेपरचा जबडा, गालाचं हाड आणि नाक मोडलं.

ड्रेपरला विनिपेगने तीन हंगामांत मिळून वीसच सामने खेळवलं होतं. १९९३ मध्ये डेट्रॉइटने त्याला घेतलं ते एका डॉलरच्या मोबदल्यात. हा एक डॉलर अतिशयोक्ती नव्हे, व्यवहाराची खरी रक्कम. जबडा सांधून तो परतला आणि कर्क मॉल्टबी, डॅरेन मॅकार्टी, जो कोकुर यांच्यापैकी दोघांच्या साथीने जी चौथी फळी उभी राहिली, तिला डेट्रॉइटने ‘ग्राइंड लाइन’ हे नाव दिलं. त्यातला कोकुर तर १९९६ च्या डिसेंबरात संघात परतण्याआधी हौशी लीगमध्ये खेळत होता.

१९९७ च्या अंतिम मालिकेत समोर एरिक लिंड्रोसचा धिप्पाड फिलाडेल्फिया संघ होता. पहिल्या सामन्यात डेट्रॉइटचा पहिला गोल मॉल्टबीचा, तोही एक गडी कमी असताना, दुसरा कोकुरचा. चौथ्या सामन्यात मॅकार्टी एकटाच पक घेऊन घुसला. यान्ने नीनिमाला हूल दिली, त्याला वळसा घातला, गोलरक्षक रॉन हेक्सटॉलला एका बाजूला ओढून मोकळ्या जाळ्यात पक सारला. डेट्रॉइटने सामना २-१ आणि मालिका ४-० अशी जिंकली. ४२ वर्षांनी एनएचएलचा स्टॅनले चषक शहरात आला. विजयात ब्रेंडन शॅनहनसारख्या नव्या ताऱ्यांचा वाटा मोठा होताच. पण ताऱ्यांच्या जोरावर जे आदल्या वर्षी जमलं नव्हतं, ते जमताना गोलफलकावर चौथ्या फळीची नावं लागली, हे विसरून चालणार नाही.

टॅम्पाने मोजलेली किंमत

२०१८-१९ मध्ये टॅम्पा बे लायटनिंगने डेट्रॉइटच्या ६२ विजयांशी बरोबरी केली. निकिता कुचेरोव्ह, स्टीव्हन स्टॅमकोस आणि ब्रेडन पॉइंट या तिघांनी प्रत्येकी चाळीसहून अधिक गोल केले. पहिल्याच फेरीत गाठ पडली कोलंबसशी. पहिल्या सामन्यात टॅम्पा ३-० असा पुढे होता आणि ४-३ असा हरला. कोलंबसने पक सोडवायला वेळच दिला नाही. चार सामन्यांत टॅम्पाचा खेळ खलास.

सरव्यवस्थापक जुलियन ब्रिजबॉ यांनी संघ मोडला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी दोन राबणारे फॉरवर्ड आणले: न्यू जर्सीकडून ब्लेक कोलमन आणि सॅन होजेकडून बार्कले गुडरो. दोघांसाठी मिळून पहिल्या फेरीतल्या दोन ड्राफ्ट-निवडी दिल्या; कोलमनसाठी वर एक होतकरू तरुण खेळाडूही. ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड म्हणजे उद्याचा तारा निवडायचा हक्क. ती अशा खेळाडूंवर खर्च करणं अनेकांना उधळपट्टी वाटली. पण कोलमनचा वार्षिक पगार १८ लाख डॉलर होता, गुडरोचा ९ लाख २५ हजार, आणि दोघांचे करार आणखी वर्षभर चालणार होते. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये ताऱ्यांना भरघोस पैसे देऊन उरलेल्या रकमेत अशी माणसं मिळणं म्हणजे मोठीच कमाई.

त्यांना सेंटर म्हणून जोड मिळाली यानी गूर्डची. गूर्ड आणि गुडरो या दोघांनाही ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नव्हतं. तिघांची फळी नावाला तिसरी. काम मात्र प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीला बांधून ठेवायचं. २०२० चा निर्णायक सामना टॅम्पाने डॅलसविरुद्ध २-० असा जिंकला, त्यातला दुसरा गोल कोलमनचा. २०२१ च्या उपांत्य फेरीत न्यू यॉर्क आयलंडर्सविरुद्ध सातवा सामना १-० असा सुटला. तो एकमेव गोल गूर्डचा, एक गडी कमी असताना. मग मॉन्ट्रियलविरुद्ध अंतिम मालिकेचा दुसरा सामना. तीन डावांपैकी मधला डाव संपायला सेकंद-दोन सेकंद उरलेले. गुडरोने पक पुढे सारला, कोलमन बचावपटूच्या पुढे सुटला आणि बर्फावर आडवा होता होता एका हाताने पक जाळ्यात लोटला. घड्याळात १.१ सेकंद शिल्लक होता. सलग दुसरा चषक टॅम्पाचा.

त्यानंतर बाजाराने हिशेब चुकता केला. गूर्डला नव्या सिएटल संघाने उचललं. कोलमनला कॅलगरीने सहा वर्षांसाठी २ कोटी ९४ लाख डॉलर दिले. गुडरोला न्यू यॉर्क रेंजर्सने सहा वर्षांचा करार दिला. २०२२ च्या मार्चमध्ये टॅम्पाने ब्रँडन हेगल या तशाच कष्टाळू फॉरवर्डसाठी पुन्हा पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मोजल्या. एकदा मिळालेला धडा त्यांनी सोडला नाही.

मेहनत आणि मारामारी

इथे एक फरक नीट ओळखायला हवा. कष्टाळू फॉरवर्ड आणि मारामारीसाठी ठेवलेला पहिलवान, हे दोघे एक नव्हेत. मारामारीची किंमत फार मोठी आहे. एनएचएलमधला नावाजलेला पहिलवान डेरेक बूगार्ड २०११ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा आजार आढळला. केवळ धडकांची संख्या मोजूनही चालत नाही. ज्याच्याकडे पक नसतो, तोच धडका देत फिरतो. ड्रेपर उत्तम होता तो वेगामुळे, फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक, जिंकण्याच्या हातोटीमुळे आणि प्रतिस्पर्ध्याचा पुढचा डाव आधी ओळखण्यामुळे. २००४ मध्ये त्याला सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डचा सेल्के पुरस्कार मिळाला. जिद्द अंगात असावी लागते, हे खरं. पण तिला कसबाची जोड नसेल तर ती संघाला फक्त शिक्षेची मिनिटं मिळवून देते.

तारे सामने जिंकून देतात, यात शंका नाही. पण दोन महिन्यांची लढाई ताऱ्यांना एकट्याने पेलत नाही. तेव्हा एनएचएलची बाद फेरी पाहाल, तर तारे बाकावर बसलेले असताना बर्फावर कोण आहे आणि पक कुणाच्या टोकाला आहे, तेवढं जरूर बघा. सामना कुठे झुकतोय, ते तिथे आधी कळतं. स्टॅनले चषकावर विजेत्या खेळाडूंची नावं कोरतात, तेव्हा ताऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आणि राबणाऱ्याचं लहान, असा भेद केला जात नाही. एका डॉलरला आलेल्या क्रिस ड्रेपरचं नाव त्या चषकावर चार वेळा आहे: १९९७, १९९८, २००२ आणि २००८.