रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल आणि स्वसंरक्षणासाठी गोळीची निवड : एक विश्लेषणात्मक अभ्यास

बीजशब्द : लिव्हर-ॲक्शन रायफल, .३५७ मॅग्नम, गतिज ऊर्जा, प्रसरणशील गोळी, भेदनखोली

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये नागरिकाने शस्त्र बाळगणे हा तेथील राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीशी निगडित विषय आहे. २००८ मध्ये 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तिगत हक्क आहे, असा निर्वाळा दिला. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. त्यामुळे घरातील शस्त्रात कोणते काडतूस भरावे, हा प्रश्न आपल्याकडील वाचकाला दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या एका प्रश्नात भौतिकशास्त्र, तंत्रज्ञानाचा इतिहास, कायदा आणि नीती ही चारही क्षेत्रे एकत्र येतात, म्हणून आंतरविद्याशाखीय दृष्टीने तो अभ्यासण्याजोगा आहे.

या विषयातील सर्वसाधारण समजूत अशी असते की, काडतूस एकच असेल तर त्याचा परिणामही एकच असणार. आणि ते जितके शक्तिशाली तितके संरक्षण अधिक. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. अशा निवडीतील चूक केवळ मालकाला भोवत नाही. भिंतीपलीकडे झोपलेल्या निरपराध व्यक्तीलाही ती भोवू शकते. हेच या विषयाचे गांभीर्य होय.

लेखाची उद्दिष्टे :

१. रिव्हॉल्व्हर आणि रायफल या दोहोंत एकच काडतूस वापरण्याच्या प्रथेचा उगम पाहणे.
२. नळीच्या लांबीचा गोळीच्या वेगावर व वर्तनावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३. गोळीच्या निवडीचे निकष यांत्रिक, वैज्ञानिक व नैतिक अंगांनी मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. उदाहरणादाखल .३५७ मॅग्नम हे काडतूस घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

लिव्हर-ॲक्शन रायफलीत चापाभोवती एक लोखंडी कडी असते. ती खाली व पुढे ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. परत मागे ओढली की नवे काडतूस नळीच्या तोंडाशी येऊन बसते. १८६० च्या हेन्री रायफलीपासून ही रचना प्रचारात आली. पुढे १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध रायफल .४४-४० या काडतुसासाठी तयार केली. काही वर्षांतच कोल्ट कंपनीनेही याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वस्तीपासून दूर राहणाऱ्या गुराख्याला वा शेतकऱ्याला कमरेचे व खांद्याचे अशा दोन्ही शस्त्रांसाठी काडतुसांचा एकच पट्टा पुरू लागला. ही सोयच या प्रथेचे मूळ होय. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली १८९२ ची विंचेस्टर रायफल याच परंपरेतील असून तिच्या धर्तीवरील रायफली आजही तयार होतात.

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये आले. ते जुन्या .३८ स्पेशलचेच वाढविलेले रूप आहे. दोहोंतील गोळीचा व्यास एकच, म्हणजे सुमारे ९.०७ मिलिमीटर असतो. मॅग्नमची पुंगळी मात्र सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब ठेवण्यात आली, जेणेकरून हे जोरकस काडतूस जुन्या व दुर्बल रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. अमेरिकेतील मानकांनुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर मॅग्नमचा ३५,००० पौंड इतका आहे. मॅग्नमच्या शस्त्रात .३८ स्पेशल चालते. उलट मात्र चालत नाही.

नळीची लांबी व गतिज ऊर्जा :

काडतुसातील दारू पेटली की निर्माण होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. जोवर गोळी नळीत आहे तोवरच हे ढकलणे चालते. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून १५८ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅम वजनाची .३५७ मॅग्नमची गोळी सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने बाहेर पडते. तीच गोळी सोळा ते अठरा इंची नळीच्या रायफलीतून सेकंदाला सुमारे ५४० मीटर वेग गाठू शकते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र आपण पदवीपूर्व वर्गातच शिकवितो. त्यानुसार पहिल्या स्थितीत ऊर्जा सुमारे ७२० जूल, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे १,४९० जूल येते. वेग दीडपटीहून थोडा कमी वाढला, पण ऊर्जा दुप्पट झाली.

सर्वच काडतुसांना हा लाभ सारखा होत नाही. मॅग्नममध्ये सामान्यतः सावकाश जळणारी दारू भरपूर असते. तिला लांब नळीत काम करण्यास अवसर मिळतो. .३८ स्पेशलमधील अल्प व जलद जळणारी दारू मात्र आपले काम लवकर संपविते आणि उर्वरित नळीत वेगाची वाढ थोडीच होते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी मुद्दाम तयार केलेल्या काडतुसांनाही हाच न्याय बहुतांशी लागू पडतो.

वेग वाढला म्हणजे परिणाम वाढला काय ?

स्वसंरक्षणासाठी प्रायः पोकळ टोकाची गोळी वापरली जाते. शरीरातील द्रवयुक्त ऊतींचा दाब तिच्या पोकळीत शिरून टोक फुलविते. परिणामी गोळीचा व्यास वाढतो, तिची गती लवकर मंदावते आणि ती आरपार जाण्याची शक्यता घटते. मात्र प्रत्येक गोळी एका विशिष्ट वेगमर्यादेत फुलण्यासाठी घडविलेली असते. त्या मर्यादेखाली ती फुलतच नाही. मर्यादेच्या फार वर गेल्यास ती अकाली फुलते, तिचे तांब्याचे कवच शिशापासून सुटते किंवा तिचे तुकडे होतात. असे तुकडे उथळ जखम करून थांबतात.

गोळी उथळ थांबण्याचे परिणाम १९८६ च्या मायामी येथील चकमकीत दिसून आले. त्या वर्षी ११ एप्रिल रोजी एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले व पाच जखमी झाले. एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. या घटनेनंतर एफबीआयने गोळ्यांच्या चाचणीची नवी पद्धती आखली. दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळीने किमान १२ व कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर शिरावे, असा निकष त्यातून रूढ झाला. उघड्या ठोकळ्याबरोबरच जाड कपडे, प्लायवुड, जिप्समची भिंत, पत्रा व मोटारीची काच हे अडथळेही चाचणीत येतात. हा निकष मुळात पोलिसांसाठी असला तरी नागरिकांच्या निवडीतही तोच आधारभूत मानला जातो.

या पार्श्वभूमीवर १२५ ग्रेनच्या हलक्या पोकळ गोळीचे उदाहरण उद्बोधक ठरते. चार इंची रिव्हॉल्व्हरमध्ये तिचा वेग सेकंदाला सुमारे ४४० मीटर असतो व तेथे तिचा लौकिक चांगला आहे. रायफलीतून तीच गोळी ६०० मीटरच्या आसपास जाते आणि रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी घडविलेली असल्याने फुटून जाण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा १५८ ग्रेनची गोळी, विशेषतः शिसे व कवच एकमेकांना जखडलेली, अधिक भरवशाची ठरते. दुसरा पर्याय अधिक दाबाच्या .३८ स्पेशलचा होय. रायफलीत तिचा वेग बेताचाच वाढत असल्याने ती आपल्या मर्यादेत राहते. शिवाय धक्का व आवाज कमी होतो. अलास्कासारख्या प्रदेशात अस्वलापासून संरक्षण हवे असल्यास निकष उलटतो. तेथे खोल शिरणारी, न फुलणारी, कठीण शिशाची जड गोळी निवडली जाते. सारांश, योग्य गोळी कोणती हे धोक्याच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

यंत्ररचनेच्या मर्यादा :

बहुतेक लिव्हर-ॲक्शन रायफलींत काडतुसे नळीखालील दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या तळाला, म्हणजे नेमके स्फोटक टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने ती टोपी पेटण्याचा धोका असतो. म्हणून येथे चपट्या वा पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात. मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची खास काडतुसेही अलीकडे मिळतात.

दुसरी मर्यादा काडतुसाच्या एकूण लांबीची आहे. काडतूस वर उचलणारा भाग ठराविक लांबीसाठी बेतलेला असतो. पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसविलेली नेमबाजीची गोळी किंवा रुंद खांद्याची गोळी काही रायफलींत अडकते, काही रायफलींना.३८ स्पेशलची आखूड लांबीही मानवत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे प्रत्येक काडतूस स्वतंत्र कप्प्यात बसलेले असते. तेव्हा कागदावर उत्कृष्ट असलेले काडतूस त्या विशिष्ट रायफलीत प्रत्यक्ष मैदानावर न अडकता चालते काय, ते निशाण्याच्या खुणेशी जुळते काय, याची खातरजमा केल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही.

कायदा व नीती :

प्रसरणशील गोळीच्या इतिहासाशी भारताचा थेट संबंध आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील शस्त्रनिर्माण केंद्रात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी अशी गोळी तयार केली व तेच नाव जगभर रूढ झाले. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरविला. हा निर्बंध राष्ट्रांमधील युद्धापुरता असून पोलीस वा नागरिक यांना लागू होत नाही. येथे एक विरोधाभास दिसतो : युद्धात क्रूर ठरलेली गोळी घरात अधिक जबाबदार मानली जाते, कारण ती शरीराबाहेर जाऊन मागच्या व्यक्तीला लागण्याचा संभव कमी असतो. अमेरिकेतही राज्याराज्यांत भेद आहेत. न्यू जर्सीमध्ये पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर निर्बंध आहेत.

तथापि कोणतीही गोळी सर्वस्वी सुरक्षित नाही. अमेरिकी घरांच्या अंतर्गत भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. शरीरात पुरेशी खोल जाऊ शकणारी गोळी नेम चुकल्यास अशा भिंतीतूनही सहज जाते. हा धोका गोळीच्या निवडीने कमी होतो, नाहीसा होत नाही. नेम, संयम आणि समोर व मागे कोण आहे याचे भान, यांना पर्याय नाही.

निष्कर्ष :

१. एकच काडतूस दोन भिन्न लांबींच्या नळ्यांत भिन्न परिणाम देते. म्हणून रिव्हॉल्व्हरमधील अनुभव रायफलीला जसाच्या तसा लागू करता येत नाही.
२. सर्वाधिक वेगापेक्षा गोळीच्या रचनेशी जुळणारा वेग महत्त्वाचा आहे.
३. .३५७ च्या रायफलीसाठी मनुष्यापासूनच्या संरक्षणाच्या हेतूने १५८ ग्रेनची प्रसरणशील गोळी किंवा अधिक दाबाची .३८ स्पेशल हे संतुलित पर्याय ठरतात.
४. यंत्रात विनाअडथळा चालणे ही अट इतर सर्व निकषांच्या आधी येते.

समारोप :

काडतुसाच्या वेष्टनावर छापलेले आकडे एका विशिष्ट लांबीच्या नळीत मोजलेले असतात. कोणत्या परिस्थितीत मोजले हे न विचारता आकडा स्वीकारणे ही चूक विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडूनही वारंवार घडते. प्रयोगशाळेत तिची किंमत काही गुणांची असते. येथे ती एखाद्याच्या प्राणाची असू शकते. गतिज ऊर्जेचे सूत्र शिकविताना हे उदाहरण वर्गात मांडल्यास वेग आणि परिणाम यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल, असे वाटते.