एक हार आणि वर्ष गेलं: महाराष्ट्र केसरीचं गणित

मी राजस्थानातल्या चौमूंहून बोलतोय. महाराष्ट्र केसरी म्हणजे काय, असं इथं कोणी विचारलं तर ‘मोठी दंगल’ एवढं सांगून भागत नाही. दंगल म्हणजे आपलं कुस्तीचं मैदान. मैदानात जोड्या बहुधा आधीच ठरतात, इनामही ठरतं. हरलेला पैलवान पुढच्या जत्रेत पुन्हा शड्डू ठोकतो.

महाराष्ट्र केसरीत तसं नाही. ही बाद पद्धत. हरलात की बाहेर. समजा, 32 मल्ल आहेत. मग कुस्त्या होणार 31, कारण दर कुस्तीला एक जण बाद होतो आणि शेवटी एकच उरतो. त्या एकाला सलग 5 कुस्त्या माराव्या लागतात. प्रत्यक्षात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते.

1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. पुढे नरसिंग यादव (2011 ते 2013) आणि विजय चौधरी (2014 ते 2016) यांनी सलग तीन-तीन वेळा हा मान मिळवला. या स्पर्धेत तीन वर्षांत एकदाही पाठ लागू द्यायची नाही, असा त्याचा अर्थ!

टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतही ‘किंग ऑफ द रिंग’ नावाची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. पण तिथं कोण जिंकणार हे लेखक ठरवतात. आपल्याकडे ते पंचांच्या शिट्टीवर ठरतं, आणि खरी मेख इथंच आहे.

हार म्हणजे बाहेर, हा कुस्तीचा एकमेव नियम नव्हे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दोषगुणांची पद्धत होती. खाशाबा जाधव दोन कुस्त्या हरूनही कांस्यपदक घेऊन आले. आजही ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी आणखी एक संधी मिळते. गदा मात्र एकच, दुसरा दरवाजा नाही.

म्हणून पंचांचा एक निर्णय पैलवानाचं अख्खं वर्ष घेऊन जातो. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीतल्या गुणांवरून वाद पेटला. सिकंदर बाहेर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा स्पर्धा झाली आणि त्यानं गदा जिंकली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. रागात त्यानं पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कोणी करू नये. पण जिथं हरलेल्याला उद्याची कुस्ती नाही, तिथं निर्णय कायम करण्याआधी व्हिडिओ नीट तपासणं ही पैलवानावर मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.

पुढची स्पर्धा बघाल तेव्हा डावांइतकंच खांद्यांकडेही लक्ष ठेवा. दोन्ही खांदे टेकले की नाही, एवढ्यावर कुणाचं तरी वर्ष अवलंबून असतं.