जीपचे नाक उंच करताना

पावसाळ्यात ओढ्यातून जीप पलीकडे न्यायची म्हटली, की आपण आधी तिची चाके पाहतो. टायर बरे आहेत का, फोर व्हील लागते का. खरी काळजी करायला हवी ती तिच्या नाकाची. इंजिनही आपल्यासारखाच श्वास घेते, आणि तो थोडाथोडका नसतो. अडीच लिटरचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर हिशेबाने अडीच हजार लिटर हवा ओढते. प्रत्यक्षात थोडी कमी, दोन हजार धरा. म्हणजे डिझेलची दोनशे लिटरची दहा पिंपे, दर मिनिटाला. हे नाक पाण्यात बुडले, की तितक्याच जोराने पाणी आत ओढले जाते.

पाणी आत गेले तर इंजिन बंद पडेल, आणखी काय होणार, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. पण हवा दाबली की आकसते आणि पाणी जवळजवळ आकसतच नाही. डिझेल इंजिनातला पिस्टन वर येताना हवा साधारण विसाव्या हिश्शात कोंबतो. आपल्या अडीच लिटरच्या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे एकेकाचे आकारमान सव्वासहाशे मिलिलिटर. पिस्टन अगदी वर आला की डोक्यावर जागा उरते ती तेहतीस मिलिलिटरच्या आसपास. जेवणाचे दोन मोठे चमचे! त्याहून थोडे जास्त पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की पिस्टनला वर जायला जागा नाही आणि खालून क्रँक तर ढकलतोच आहे. मग जे वाकायचे ते वाकते, बहुधा कनेक्टिंग रॉड.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडताना ज्यांचे इंजिन बंद होते, त्यांनी पाणी ओसरल्यावर लगेच चावी फिरवली असेल, तर खरे नुकसान त्या क्षणी झाले. माझे तसेच झाले. मुंबईत नव्हे, कोकणातल्या एका ओढ्यात. पाणी बॉनेटवर उसळले, जीप थांबली आणि मी घाबरून स्टार्टर मारला. ‘टक्’ असा एकच आवाज आला. इंजिन उतरवावे लागले. एक रॉड केळीसारखा वाकला होता. तो अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

अशा वेळी चावीला हात लावू नये. गाडी ढकलून बाहेर काढावी. डिझेल असेल तर इंजेक्टर, पेट्रोल असेल तर प्लग काढून इंजिन फिरवावे, म्हणजे आतले पाणी त्या भोकांतून बाहेर फेकले जाते. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर बदलावे. विम्याची कागदपत्रेही आधीच नीट वाचून ठेवावीत. पाण्यात पुन्हा स्टार्ट केल्याने झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत बहुधा येत नाही.

त्यानंतर मी आणि माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी जीपला स्नॉर्केल बसवायचे ठरवले. शब्द जर्मन आहे, त्यांच्या बोलीत नाक-मुस्कटाला तसे म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी ही नळी वापरली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जीपनाही हवा घेण्याची आणि धूर सोडण्याची नळी अशी वर नेलेली होती. पण इतके दूर जायला नको. शेतातला ट्रॅक्टर पाहा. बॉनेटच्या वर नळी आणि तिच्यावर मशरूमसारखी टोपी असते ना, ते त्याचे नाक. धुळीपासून वाचण्यासाठी ते उंच ठेवलेले असते.

पहिल्या खेपेला आम्ही प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप वापरला. स्वस्त, हलका, सोल्युशनने चिकटतो. उन्हाळ्यात घाट चढल्यावर एक्झॉस्टजवळचा एल्बो मेणासारखा लोळला. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो, आणि बॉनेटखाली तेवढी उष्णता सहज असते. मग सायलेन्सर बनवणाऱ्याकडून तीन इंची पातळ लोखंडी पाइप वाकवून घेतला. तीनच इंच का? दोन इंची नळीतून तेवढीच हवा जायची तर तिचा वेग सव्वादोन पट होतो, इंजिनाला धाप लागते आणि काळा धूर येतो. वेल्डिंगचे कण आत राहू देऊ नयेत. ते घासून, फुंकून काढावेत.

बॉनेटच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना लावून पाहिला, बॉनेट दोनदा उघडून मिटले. पत्रा एकदाच कापता येतो. कापलेल्या कडेला प्रायमर आणि रबरी कडे लावले, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. पाइप काचेच्या खांबाला धरून टपाच्या उंचीपर्यंत नेला. आतल्या जोडाला साधा रेडिएटर होज चालत नाही, जोरात ओढले की तो चपटा होतो. आत तार असलेला होज घ्यावा आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळाव्यात.

आता फिल्टर. इथे घरगुती कारागिरीला मी हात जोडतो. स्पंज, जुने मोजे, बायकोची ओढणी गुंडाळून केलेले फिल्टर मी पाहिले आहेत. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते लोखंडाहून कठीण. ते आत गेले, की सिलिंडर पॉलिश पेपरने घासावा तसा झिजतो. मग निळा धूर, मग ऑइल खाणे. तेव्हा कागदी फिल्टर बाजारातला घ्यावा; डबा आणि नळी आपण करावी. जुन्या जीपचा ऑइल-बाथ फिल्टर ठेवायचा असेल तर त्यात खुणेच्या वर तेल भरू नये. ते जास्तीचे तेल इंजिनाने ओढले तर डिझेल इंजिन त्यावरच सुसाट धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी-धूळ सांडायचे भोक असते, ते बंद केले नाही तर वरचा सगळा पाइप केवळ शोभेचा.

परीक्षा सोपी आहे. इंजिन संथ चालू ठेवून नळीचे तोंड तळहाताने घट्ट झाका. दोन-चार सेकंदांत ते गुदमरून बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर कुठेतरी फट आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. आमचे पहिल्यांदा बंद पडले नाही. फट डब्याच्या झाकणाखाली सापडली. यानंतर शे-दोनशे किलोमीटर धुळीत फिरून फिल्टरच्या पुढच्या नळीत पांढरे फडके फिरवावे. ते लाल झाले तर पुन्हा पाने हातात घ्यावे.

एवढ्याने जीप पाणघोडा होत नाही. अॅक्सल आणि गिअरबॉक्सला श्वासाची छोटी भोके असतात. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढते. त्या भोकांना नळ्या लावून त्याही वर न्याव्या लागतात. पेट्रोल जीपमध्ये डिस्ट्रिब्यूटर भिजला तरी गाडी थांबते. आणि जीप तरंगते, हे कुणी लक्षातच घेत नाही. साडेचार चौरस मीटर तळ पाण्यात दहा सेंटिमीटर बुडला, की साडेचारशे किलोचा भार पाणी उचलू पाहते. चाकांची पकड तेवढी कमी. फरशीवरून दोन फूट वाहते पाणी असेल तर उंच नळी असलेली जीपही वाहून जाते, फक्त इंजिन चालू असताना. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, हेही सांगून ठेवतो.

आता पावसात ओढ्यावर पोहोचलो की मी आधी काठी घेऊन पायी उतरतो. पाणी मांडीला लागले किंवा तळ दिसेना, की चहा पिऊन परत. नळीचा खरा उपयोग मे महिन्यात होतो. तिच्यावर ट्रॅक्टरची वाटीवाली टोपी बसवली आहे. आत हवा गरगरते आणि जड धूळ वाटीत पडते. दर रविवारी ती वाटी मी अंगणात झटकतो, मूठभर लाल माती निघते.